एका लुंगीवर दोन वाटे

कस्तुरी वहिनीची सरकारी नोकरी माझ्या एका विनोदापायी गेली.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलेलं आहे. आईला विचारलंत तर ती सांगेल, त्या वर्षी तिखटाला रंग काय सुरेख आला होता. आण्णांना विचारलंत तर ते मनगटावरचं घड्याळ बघतील. तेव्हा आपणही नोकरीचा विषय काढायला नको. मिरच्यांचं बोलू.

"उन्म्या! आभाळ बघ की रे! बसलाईस काय दगडासारखा!"

आई गच्चीवरून ओरडत होती. एप्रिलची सोळा तारीख, दुपारचे साडेतीन. मी जिन्यात सावलीला बसलो होतो. बावीस वर्षांचा होतो आणि बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष दुसऱ्यांदा करत होतो, कारण पहिल्या खेपेला नीट बघायचं राहून गेलं होतं. वर गेलो तर पश्चिमेकडून वळवाचं काळं आभाळ चढलेलं आणि गच्चीभर लाल मिरच्या पसरलेल्या.

आमच्या गडहिंग्लजात चांगली वाळकी मिरची पोत्यानं मिळते. पण ती कुणी कुठं वाळवली, वाळताना तिच्यावरून कुत्रं गेलं का मांजर, याची खात्री कोण देणार, असं आईचं म्हणणं. म्हणून ती ओळखीच्या शेतातून पिकून लाल झालेली ओली मिरची आणवायची, एकेक मिरची कोरड्या फडक्यानं पुसायची आणि घरीच वाळवायची. देठ काढायचा नाही. देठ काढला की त्या भोकातून बुरशी आत जाते.

आणि वाटे मिसळायचे नाहीत. वर्षाला माणशी एक किलो वाळकी मिरची, म्हणजे माणशी चार किलो ओली. ज्याचा वाटा त्याच्या जुन्या कपड्यावर वाळायचा. नवराबायको असतील तर दोघांचे वाटे एकाच कपड्यावर, नवऱ्याच्या. परगावी असलेल्या माणसाचाही वाटा निघायचा. वाटा निघतोय तोवर माणूस घरचा. हे आईला तिच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं, आणि त्याच्या मागं चौकशी न्यायची आमच्याकडं पद्धत नाही. वाळल्यावर परगावचे सोडून बाकी सगळे वाटे डंकात एकत्रच कुटले जायचे, हा भाग वेगळा. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तेव्हा आईनं माझ्याकडं मी घर पेटवून आल्यासारखं बघितलं होतं.

"वहिनी, तुम्ही तिकडनं धरा," मी म्हणालो.

वहिनीनं आण्णांच्या धोतराची दोन टोकं अगोदरच धरली होती. "भावजी, मी कधीची धरून उभी आहे. तुम्ही यायची वाट बघत मीच वाळायला लागले."

कस्तुरी वहिनी मिरजेची. डी.फार्म. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं औषधाच्या दुकानात कामाला होती. माझ्या थोरल्या भावाशी, शैलूदादाशी, तिचं लग्न होऊन अडीच वर्षं झाली होती. त्यातले नवऱ्यासोबतचे दिवस एकशे बारा. मग दादा कॅनडाला गेला, कॅलगरी नावाच्या गावी. तिथं उणे तीस असतं. पोचल्यावर म्हणाला, कस्तुरीची व्हिसाची फाईल टाकतोय. तेव्हापासून ती फाईल हवेत होती.

आम्ही धोतर खाली आणलं, माझी जुनी चादर आणली, वहिनीची जुनी साडी आणली. शेवटी दादाची निळ्या चौकड्यांची लुंगी. ती उचलताना माझ्या हाताला रग लागली. आईनं मधेच खालून हात घातला आणि म्हणाली, "हळू, हळू. सांडू नको तेवढी."

खाली आण्णा पायरीवर उभे होते. आण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. चौतीस वर्षं त्यांनी भोंग्यावरून गाड्या सोडल्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ आवाज तेवढा उरला, गाड्या गेल्या.

"धोतर हॉलमध्ये, पंख्याखाली," त्यांनी पुकारा केला. "चादर आणि साडी सोफ्यापलीकडे."

"आणि लुंगी?" मी विचारलं.

लुंगी कुठं मावेना. हॉल भरला. स्वयंपाकघरात वाफ. माझ्या खोलीत मी. बाहेर टपोरे थेंब पडायला लागले होते आणि लुंगीची दोन टोकं धरून मी आणि वहिनी दाराच्या अल्याड-पल्याड, झोळीतलं बाळ झुलवल्यासारखे उभे होतो.

"कस्तुरीच्या खोलीत घाला," आई म्हणाली. "पलंगावर. शैलूच्या बाजूला. नाहीतरी ती बाजू रिकामीच हाय."

वहिनीनं दादाच्या बाजूची उशी उचलली आणि कपाटावर ठेवली. आम्ही लुंगी पसरली, मिरच्या एकेरी थरात सारख्या केल्या. बरोबर माणसाएवढी जागा लागली. पंखा तीनवर.

"पाचवर कर," आई म्हणाली.

"पाचवर उडतील, आई," वहिनी म्हणाली. "वारा नुसता वरून फिरला पाहिजे. आणि दिवसातून दोनदा उलटायच्या. ओलावा खाली बसतो." तिनं औषधांच्या डब्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या मिरज सोडताना जमवून आणल्या होत्या. त्याही तिनं लुंगीच्या कडेकडेनं मांडल्या. माझा भाऊ पलंगावर आडवा झाला असता तर त्याचा इतका विचार कुणी केला नसता.

त्या रात्रीपासून वहिनी मिरच्यांच्या शेजारी झोपायला लागली.

*

आता नोकरीचा विषय काढावा लागतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मार्चच्या शेवटी वहिनीला नियुक्तीचा आदेश आला होता. औषधनिर्माता, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा नंदुरबार. परीक्षा तिनं लग्नाच्या आधीच दिलेली. निकाल, आक्षेप, सुधारित निकाल असं करत आदेशाला तीन वर्षं लागली होती. वीस एप्रिलला कार्यालयीन वेळेत रुजू व्हायचं, नाहीतर नेमणूक आपोआप रद्द. मुदतवाढ नाही, हे वाक्य जाड अक्षरात. तिचं वय बसत होतं ते जेमतेम. पुढच्या जाहिरातीला ती बसणार नव्हती.

रोज जेवताना हा विषय निघायचा आणि रोज एकाच ठिकाणी जाऊन थांबायचा.

"सायंकाळी सहा," आण्णा भाकरी मोडता मोडता म्हणायचे. "गडहिंग्लज-कोल्हापूर. कोल्हापुरातून नऊची नाशिक. पहाटे सहाला नाशिक. तिथून धुळे, धुळ्याहून नंदुरबार. दुपारी दीडपर्यंत पोच."

"आणि हिकडं व्हिसा आला म्हणजे?" आई म्हणायची.

"एकोणीस तारखेची सहाची गाडी शेवटची. त्यानंतर निघून उपयोग नाही."

"मी काय म्हणतेय, तुम्ही काय म्हणताय! शैलू बोलावून घेतोय तिला. नवरा कॅनडात आन् ही नंदुरबारात गोळ्या वाटत बसणार काय?"

"आमटी वाढू?" वहिनी विचारायची.

मला वाटायचं आण्णांना उतारवयात वेळापत्रकांनी झपाटलं आहे. रोज तेच. सायंकाळी सहा, नऊची नाशिक. मी एकदा म्हणालोही, "आण्णा, फलाट नंबर पण सांगा." त्यांनी सांगितला.

खरं म्हणजे मला माहीत होतं. जानेवारीत दादाचा मला फोन आला होता. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मिसळ खात होतो.

"उन्म्या, फाईल मी टाकलेलीच नाही," तो म्हणाला. "टाकणार पण नाही. मी इथं एकीबरोबर राहतो. वर्ष झालं. आता तिला दिवस गेलेत."

"अभिनंदन," मी म्हणालो. तोंडात पाव होता.

"चेष्टा करू नको रे. आईला सांगू नको, ती सहन नाही करायची. आण्णांना तर नकोच. कस्तुरीला मी सांगीन, वेळ बघून."

"वेळ काय बघायची? तिकडं रात्र असते तेव्हा इकडं दिवस असतो."

"चांगली आहे रे ती," तो म्हणाला. मला वाटलं वहिनीबद्दल बोलतोय. "आपलं तिखट तिला फार आवडलं. अंड्यावर पण घालून खाते."

फोन ठेवून मी उरलेली मिसळ खाल्ली. हे मी मुद्दाम सांगतोय. माणसाला अशा वेळी घास उतरत नाही असं म्हणतात. मला उतरला. वर मी रस्सा पण मागवला.

त्यानंतर तीन महिने मी घरात हे घेऊन हिंडलो आणि कुणाला काही कळू नये म्हणून दुप्पट विनोद केले. वहिनी हसायची. माझ्या विनोदांना घरात तेवढं एकच गिऱ्हाईक होतं.

*

सतरा, अठरा दोन्ही दिवस आभाळ हटलं नाही. पलंगावरच्या मिरच्या हळूहळू सुरकुतायला लागल्या. खोलीत पाऊल टाकलं की घशात खाज. वहिनी सकाळी उठायची ती लाल डोळ्यांनी, नाक ओढत.

"मिरच्यांनी," आई म्हणायची.

"मिरच्यांनीच," वहिनी म्हणायची.

"डोळ्यांना थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा," आण्णा म्हणायचे.

त्या आठवड्यात आमच्या घरात रडायला अधिकृत परवानगी होती. रडण्याचं कारण पलंगावर आठ किलो पडलेलं होतं.

एकोणीस तारखेला दुपारी दोन वाजता मी तिच्या खोलीत गेलो ते माझा चार्जर शोधायला. ती पलंगाच्या कडेला बसून मिरच्या उलटत होती. बोटांची टोकं भाजल्यासारखी झालेली. तिनं एक मिरची देठाला धरून उचलली आणि माझ्या कानाशी नेऊन हलवली.

"ऐका."

"काय म्हणतेय?"

"काहीच नाही. बी आत सुटून खुळखुळली की वाळली. ही अजून गप्प आहे. आपल्या घरातल्या माणसांसारखी."

"मी कुठं गप्प असतो?"

"तुम्ही बडबडता भावजी. ते वेगळं." तिनं मिरची जागेवर ठेवली. "एक विचारू? विनोद करायचा नाही."

"मग मला कशाला विचारता? माझ्याकडं दुसरा माल नाही."

ती हसली नाही. "या लुंगीवर किती मिरच्या आहेत?"

"मोजल्या नाहीत. नावं तेवढी ठेवलीत."

"आठ किलो. आणल्या त्या दिवशीच मी काट्यावर घातल्या होत्या. गेल्या वर्षीही या लुंगीवर आठच होत्या."

"मग बरोबर की."

"गेल्या वर्षी त्यातल्या चार माझ्या होत्या."

पंखा फिरत होता. मिरच्यांची सालं किंचित हलत होती, कागदासारखी वाजत होती.

"यंदा माझा वाटा हॉलमध्ये आहे," वहिनी म्हणाली. "माझ्या साडीवर. एकटा. आईंनी साडी मागितली तेव्हा मला वाटलं, लुंगी फाटली असेल. बघितलं तर लुंगी धड आहे आणि तिच्यावर दोन वाटे आहेत. एक तुमच्या दादांचा. दुसरा कुणाचा?"

मला तेव्हा कळलं. तीन महिने मी जे आईपासून लपवत होतो ते आईला माहीत होतं. दादानं तिलाही फोन केला असणार, आणि म्हणाला असणार, उन्म्याला सांगू नको. आई व्हिसाबद्दल रोज धडधडीत खोटं बोलत होती, कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलत होती. पण वाटे घालायला बसल्यावर तिला खोटं करता आलं नव्हतं. नवराबायकोचे वाटे एका कपड्यावर. कॅलगरीत बसून अंड्यावर आमचं तिखट घालून खाणाऱ्या बाईचा वाटा तिनं रीतसर काढला होता, चार किलो, पुसून, आणि तो जिथं जायला पाहिजे तिथं ठेवला होता. मग वळीव आला आणि तो वहिनीच्या पलंगावर आला.

"सहाची गाडी आहे," वहिनी म्हणाली. "मला चार तास आहेत. आण्णा मला गाड्या सांगतात. आई व्हिसा सांगतात. तुम्ही कधीच काही सांगत नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन. दुसरा वाटा कुणाचा, भावजी?"

दारात काहीतरी हललं. आई उभी होती. हातात ताकाची वाटी. वहिनीच्या बोटांना लावायला आणलेली. ती कधीपासून उभी होती माहीत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा मायलेकांना एकमेकांच्या मनातलं अक्षर न् अक्षर कळलं, आणि ते असं कळलं.

आईची मान अगदी थोडी हलली. नाही म्हणून. किंवा ताक सांडू नये म्हणून.

"माझ्या बायकोचा," मी म्हणालो.

"कुणाच्या?"

"माझ्या. होणाऱ्या."

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. "आणि तो तुमच्या दादांच्या लुंगीवर?"

"वहिनी, मी बर्मुडा घालतो. बर्मुड्यावर चार किलो मिरच्या कशा मावणार? गुडघ्यापर्यंत येऊन संपतात."

ती वळून दाराकडं बघायला लागली. आई आत आली. एखादी बाई पुरात वाहत आलेली फळी धरते तशी तिनं माझी थाप धरली.

"मीच सांगणार होते गं तुला," ती म्हणाली. "ठरत आलंय एक ठिकाण. म्हटलं, पक्कं होऊ दे. म्हणून वाटा आदीच काढून ठेवला. ह्याची चादर बारकी पडली."

"नाव काय तिचं?" वहिनीनं विचारलं.

"दीपाली," आई म्हणाली.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

दोन्ही एकाच वेळी.

"म्हणजे मुलगी ठरलीय," मी म्हणालो. "नावाचं चाललंय."

आणि वहिनी हसली. आधी ओठ दाबून, मग मोठ्यानं. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिनं हात नेला आणि तिखटाचं बोट डोळ्यात गेलं. आई तिचा हात धरून मोरीकडं घेऊन गेली. मी पलंगापाशी उभा होतो. खोटं बोललो म्हणून काही वाटलं नाही. विनोद जमला, एवढं वाटलं. बर्मुड्याचं जमलं. ते मी पुढं मित्रांतही सांगायचा बेत केला.

मोरीतून तिचा आवाज आला. "लग्नघर सोडून कशी जाऊ मी आता?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "तुझ्याशिवाय कोण हाय मला करायला?"

पाच वाजता आण्णा खोलीतून बाहेर आले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, पायात बूट. नातेवाइकांना सोडायला स्टँडवर जाताना ते तसे जायचे. ते पडवीत खुर्चीवर बसले. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. साडेपाचला वहिनीनं त्यांना चहा दिला.

"साखर बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

सहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी घड्याळ बघितलं.

"सुटली," ते म्हणाले, अगदी हळू, आणि बुटाची नाडी सोडायला वाकले. वाकलेले बराच वेळ तसेच राहिले.

*

बावीस तारखेला लख्ख ऊन पडलं. लुंगीवरच्या मिरच्या दुपारभर पत्र्यावर घालून काढल्या, तव्यावर नुसत्या उबेला धरल्या, आणि संध्याकाळी वहिनीनं एक उचलून हलवली तर आत बी खुळखुळली. देठ काढायला आई, वहिनी आणि मी वहिनीच्या खोलीत बसलो. एक मिरची घरंगळत पलंगाखाली गेली, ती काढायला मी आडवा होऊन हात घातला. हाताला एक बॅग लागली. भरलेली, कुलूप लावलेली, वर प्लास्टिकच्या पिशवीत पाण्याची बाटली. बाटलीही भरलेली होती.

मी मिरची काढली आणि बॅग होती तिथं ठेवली.

तिखट अप्रतिम झालं. दोन किलोंचं पार्सल कॅलगरीला गेलं. बाहेरच्या बाजूला काय आहे ते इंग्रजीत लिहायचं असतं. ते वहिनीनं लिहिलं, तिचं अक्षर चांगलं म्हणून.

थाप मात्र वाढत गेली. वहिनी रोज दीपालीची चौकशी करायची, म्हणून आईला दीपालीचं ठिकाण मोडावं लागलं, आणि ते मोडल्याचं वहिनीला इतकं वाईट वाटलं की तिनं स्वतः माझ्यासाठी मुली शोधायला घेतल्या. नापास, बेकार, तेवीस पुरे नसलेला मी दोन ठिकाणी पोहे खाऊन आलो. दोन्ही वेळा वहिनी सोबत होती. एका मुलीनं विचारलं, तुम्ही करता काय? वहिनी म्हणाली, "हे घरात सगळ्यांना हसवतात." मुलीच्या वडिलांनी त्याचं महिन्याला काय मिळतं ते विचारलं नाही, ही त्यांची सभ्यता.

दिवाळीत दादानं एक फोटो पाठवला. बारशाचा. आम्हा तिघांना वेगवेगळा पाठवला आणि प्रत्येकाला खाली लिहिलं होतं, बाकीच्यांना दाखवू नको. फराळाच्या ताटांभोवती आम्ही तिघंही आपापला फोन पालथा घालून बसलो होतो. मग आण्णा उठले. चिवड्याचा हात धोतराला पुसला, आपला फोन उचलला आणि वहिनीच्या हातात दिला. आई काहीतरी बोलायला गेली.

"आता पुरे," आण्णा म्हणाले. तो आवाज मी फक्त लहानपणी, स्टँडवर ऐकला होता.

वहिनीनं फोटो बघितला. मोठा करून बघितला. मग फोन परत दिला आणि म्हणाली, "बाळाचं नाक आण्णांवर गेलंय."

तिसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली. बॅग तीच होती. स्टँडवर सोडायला मी गेलो, कारण आण्णांना जमेना. ती खिडकीशी बसली होती, मी खाली उभा. गाडी सुटायला वेळ होता, आणि मला एकदाच विचारावंसं वाटलं.

"वहिनी, त्या दिवशी तुम्हाला माझं खरं वाटलं होतं?"

"कुठलं? बर्मुड्याचं?" ती म्हणाली. "छे. एवढी खुळी नाही मी."

"मग गेला का नाहीत?"

तिनं पदरानं खिडकीची धूळ पुसली.

"मला वाटलं, आई आणि तुम्ही मिळून एवढं जीव तोडून खोटं बोलताय. म्हणजे नवऱ्याला नको असले तरी या घराला मी हवी आहे. कुणीतरी आपल्यासाठी खोटं बोलतंय, हेच मला पुरलं त्या दिवशी." मग ती खिडकीतून खाली वाकली. "तसंच होतं ना, भावजी?"

मी तोंड उघडलं. तिथं एक विनोद तयार होता. मी तो केला नाही, आणि दुसरं काही माझ्याकडं नव्हतं. कंडक्टरनं घंटी मारली.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी आता कागलला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. लग्न झालेलं नाही. मुलगी ठरलेली नाही, नावाचंही काही चाललेलं नाही. वहिनी मिरजेत दुसऱ्याच्या औषधाच्या दुकानात उभ्यानं बारा तास काम करते. तिचं वय निघून गेलं, तेव्हापासून निघालेल्या जाहिरातींत ती बसली नाही. मागच्या महिन्यात सर्दीची गोळी घ्यायचं निमित्त करून मी त्या दुकानात गेलो होतो. तिनं मला ओळखलं, गोळ्या दिल्या, दिवसातून दोनदा, जेवल्यावर, असं सांगितलं. मी काहीतरी गमतीचं बोललो. ती हसली नाही. पुढचं गिऱ्हाईक कोण, म्हणाली.

घरी आल्यावर मी एक अर्ज लिहिला. तो कुठल्या टेबलावर द्यायचा ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

प्रति,
हे काम ज्यांच्या अखत्यारीत येत असेल ते सक्षम अधिकारी.

विषय : रुजू होण्यास झालेला विलंब क्षमापित करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, श्रीमती कस्तुरी या औषधनिर्माता पदावर वीस एप्रिल रोजी कार्यालयीन वेळेत रुजू होऊ शकल्या नाहीत. सदर विलंब त्यांच्या हलगर्जीमुळे झालेला नसून त्यांची बॅग भरलेली व पाण्याची बाटलीही भरलेली होती, हे अर्जदाराने स्वतः हात लावून तपासले आहे. विलंबाचे कारण अर्जदाराचे एक विधान असून ते विनोदी होते. ते विधान अर्जदार याद्वारे बिनशर्त मागे घेत आहे.

तरी सदर विधान झालेच नाही असे समजून, एकोणीस एप्रिल या दिवसाची दुपारी दोन ते सायंकाळी सहा ही वेळ संबंधितांना पुन्हा एकदा उपलब्ध करून द्यावी, आणि गडहिंग्लज-कोल्हापूर ही सहाची गाडी त्या येईपर्यंत फलाटावर थांबवून ठेवावी, ही नम्र विनंती.